तीर्थ चढत नाय

माझं पोट शब्दांवर चालतं. लांज्याच्या कोर्टासमोर पत्र्याच्या शेडखाली माझं टायपिंगचं टेबल आहे. बावीस वर्षं झाली. आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि प्रिंटर. प्रतिज्ञापत्रं, वारसाचे अर्ज, बांधाची भांडणं, पोटगी. माणूस समोर बसून रडतो आणि मी त्याचं रडणं कायद्याच्या भाषेत बसवून देते. त्यामुळे कोणी शब्दावरून माझ्याशी वाद घालायला लागला की माझं डोकं फिरतं. आणि सगळ्यात जास्त डोकं कोणी फिरवलं असेल तर ते आमच्याच गावच्या काशीराम मांडवकराने. एका शब्दासाठी हा बाबा माझ्यासमोर दोन तास ठाण मांडून बसला होता.

आमचं गाव तळसडे, लांज्यापासून अकरा किलोमीटर आत. मोहल्ल्यात आमची सात घरं, बाकी सगळी वाडी कुणब्यांची. माझे मिस्टर हमीद कुवेतला, मुलगी लग्न होऊन चिपळूणला. घरी मी एकटी, म्हणून रोज सकाळी काशीभाऊच्या सहा सीटरने लांज्याला जायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत. वर्षानुवर्षं. त्या गाडीत माझी जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या मागची, खिडकीकडची. एकदा तिथं मुंबईचा कोण पाहुणा बसला तर काशीभाऊने त्याला उठवलं. "ती कोर्टाची जागा हाय," म्हणाला.

माणूस उंच, काटकुळा, आणि आवाज म्हणजे अल्ला, देवळात बोलला तर फाट्यावर ऐकू यावं असा. त्या आवाजाला कारण होतं. गावचं गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घरात चार पिढ्यांचा. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून सगळ्या गावाच्या वतीने मागणं मागायचं, आणि प्रत्येक वाक्याला गावाने मागून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मोहल्ल्यातली असले तरी त्याचं गाऱ्हाणं ऐकत मी म्हातारी होत आले. त्याच्या मागण्यात आमची सात घरंही असायची. "जातीपातीचो कोणी असो, तळसड्याच्या शिवेत ज्याची चूल पेटते त्याची राखण कर म्हाराजा." हे त्याच्या आज्याने घातलेलं वाक्य, त्याने कधी गाळलं नाही.

या मानासाठी त्याने मुंबई सोडली, हे फार जणांना माहीत नाही. अठराव्या वर्षी मशीद बंदरला मसाल्याच्या गोदामात लागला होता. शेठ खूश, मुकादम करणार होता. तेवढ्यात इकडे बाप गेला. भाऊ नव्हता. गावातून निरोप गेला की गाऱ्हाणं घालायला घरातलं माणूस नसेल तर मान दुसऱ्या घरात जाईल. हा पहिल्या गाडीने परत आला तो आलाच. गंगा वहिनी अजून चिडवते त्याला. म्हणते, "माझं लग्न मुकादमाशी ठरलं होतं, आणि पदरात पडला हा देवाचा वकील." काशीभाऊ गालात हसतो. पश्चात्ताप वगैरे काही नाही. गाडी, गुरं, गाऱ्हाणं आणि गंगा, एवढ्यात तो तृप्त होता.

आता मूळ गोष्ट. दरवर्षी वैशाखात, पेरणीच्या आधी, गावाची राखण असते. शिवेवर, जिथं आमचा रस्ता हायवेला मिळतो तिथं, ऐनाच्या झाडाखाली राखणदाराचा दगड आहे. त्याला कोंबडा द्यायचा आणि बाटली. बाटलीतलं थोडं दगडावर ओतायचं, उरलेलं मानकऱ्यांनी द्रोणातून घ्यायचं. पहिला द्रोण गाऱ्हाणं घालणाऱ्याचा. आणि त्याला दारू म्हणायचं नाही बरं का! ते तीर्थ. एकदा देवाला दाखवलं की तीर्थ. ते ओतून द्यायचं नाही, गावात परतही न्यायचं नाही. तिथंच संपवायचं, आणि मग घरी. पूर्वी सगळे चालत जायचे, दहा-बारा मानकरी असायचे, वाट्याला घोट घोट यायचा.

त्या वर्षी, म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात, मानकरी आले पाच. दोघे मुंबईला अडकलेले, एक आजारी. दादू गावकर, गावकीतला सगळ्यात मोठा माणूस, त्याला साखरेचा आजार. त्याने ओठाला बोट लावलं आणि झालं. गुरवाने घोट घेतला. राहिले ते पोरसवदा, त्यांना त्यांच्या आयांनी दम दिलेला. बाटली तर अर्ध्याच्या वर शिल्लक. मग काय! वर्षभर थेंबाला न शिवणारा आमचा काशीभाऊ पुढे झाला आणि देवाचं काम म्हणून सगळी संपवली.

आणि तिथून सरळ येऊन गाडीत बसला. कारण गाडी रस्त्याच्या कडेलाच उभी होती आणि गाडीत आम्ही बसल्या बसल्या भाजत होतो. मी आणि वाडीतली आनंदीबाई. राखणीमुळे सकाळची फेरी नव्हती, दुपारचे दोन वाजलेले. मला तीनच्या आत एक अर्ज टाइप करून द्यायचा होता. तो बसला तसा वास आला. खोटं कशाला बोलू, मला आला. मी म्हटलं, "काशीभाऊ, वास येतोय तुमचा." तर मागे वळून, अगदी शांतपणे, लहान पोराला समजवावं तसा म्हणतो, "भाभी, तीर्थ हाय ता. तीर्थ चढत नाय."

आणि मी बसून राहिले! कोर्टासमोर बावीस वर्षं काढलेली बाई मी, कलम एकशे पंच्याऐंशीचे, म्हणजे पिऊन गाडी चालवल्याचे, किती कागद या बोटांखालून गेले असतील, आणि अर्जाच्या घाईपायी मी गप्प बसले. त्या दिवसाचा राग मला त्याच्यापेक्षा माझाच जास्त आहे.

हायवेला लागलो. पहिले दोन किलोमीटर ठीक. मग तो गाऱ्हाण्यातली वाक्यं पुटपुटायला लागला. पुढे उतारावर करवंदवाल्या बसतात, पानांचे द्रोण मांडून. तिथं वळणावर गाडी डुलली. डुलली म्हणजे पांढरी रेघ सोडून सरळ कडेच्या मातीत. मी ओरडले, आनंदीबाईने "गो माझे आये" करून माझा दंड धरला. धनगरवाडीची हौसा टोपलीसमोर बसली होती, तिने मागच्या गटारात उडी टाकली म्हणून वाचली. टोपली गेली चाकाखाली. काशीभाऊने गाडी थांबवली, खाली उतरला. रस्ताभर करवंदं चेचलेली आणि मधे हौसाची एक चप्पल. तो ती चप्पल हातात घेऊन नुसता उभा राहिला. हौसा गटारातून वर येऊन त्याला अशा शिव्या देत होती की मी इथं टाइप करू शकत नाही. त्याला त्या ऐकू आल्या की नाही कोण जाणे.

मी म्हटलं, आता चावी द्या इकडे, आपण एसटीने जाऊ. तर म्हणे, "एसटीचा नाका समोरच हाय, तितवर हळू नेतो." दोनशे पावलांवर पोलीस उभे होतेच. सुट्टीचे दिवस, मुंबईच्या गाड्या, तपासणी चाललेली. हवालदाराने यंत्र तोंडासमोर धरलं. काशीभाऊने गाऱ्हाण्याच्या छातीने फुंकलं. यंत्र असं ओरडायला लागलं की बंद होईना.

"काय घेतली?" हवालदार.

"दारू नाय सायब. तीर्थ."

"यंत्राला तीर्थ कळत नाही, काका."

"तेच तर सांगतो. यंत्राची चूक हाय."

हवालदार हसला बिचारा, पण कागद करायचे ते केलेच. सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त घेतलं, लायसन जमा होऊन त्यावर चालवायची तात्पुरती पावती मिळाली, गाडी दोन दिवस ठाण्यात लागली. आनंदीबाई आणि मी एसटीने गेलो. माझा अर्ज त्या दिवशी राहिलाच.

आषाढ सरता सरता समन्स आलं. काशीभाऊ ते घेऊन माझ्या टेबलाशी आला. मी त्याला सगळं समजावलं. कायदा सांगतो, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आणि लायसन कमीत कमी सहा महिने जाणार, त्यातून सुटका कठीण. दुसऱ्यांदा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत. ओळखीचे एक वकील म्हणाले, नाकबूल करा, लढू, कागदात काही ना काही सापडतं. तारखा पडत राहतील, तोवर गाडी चालवा. सोय चांगली होती. बरेच जण हेच करतात.

काशीभाऊ म्हणाला, "नाकबूल कसा करू? गाडी डुलली ना भाभी. तुमीच ओरडलात. हौसेची चप्पल माज्या हातात होती."

"मग कबूल करा. अर्ज टाइप करते." मी सुरू केलं, "मी मद्यप्राशन करून..."

"थांबा. मद्य नको. तीर्थ लिवा."

मी हात जोडले. "काशीभाऊ, तीर्थप्राशन करून वाहन चालवलं असं लिहू? कायद्यात तीर्थाला कलम नाही."

मग त्याने खरं सांगितलं. आदल्या दिवशी दादू गावकराने त्याला देवळात बोलावलं होतं. दादूचं म्हणणं, दंड भर, लायसन जाऊ दे, ते तुझं तू बघ. पण कोर्टात उभा राहून दारू प्यालो म्हणालास, तर राखणदाराच्या तीर्थाला तू सगळ्या जगासमोर दारू म्हणालास. मग गाऱ्हाण्याचा मान तुझ्या घरात राहणार नाही. गावकीचं ठरलंय.

आता बोला! कबूल केलं तर चार पिढ्यांचा मान जातो. नाही केलं तर डोळ्यांनी पाहिलेलं खोटं करायचं. दोन तास तो माझ्यासमोर बसला. मी "मादक पेय" म्हटलं, नको. "अंमली द्रव्य" म्हटलं, तर ते ऐकून दचकलाच. "नशा आणणारा पदार्थ" म्हटलं, तर म्हणे देवाला आम्ही नशा आणणारा पदार्थ देतो होय? शेवटी माझं डोकं उठलं. मी लॅपटॉप बंद केला आणि म्हटलं, "जा, तोंडानेच सांगा काय ते. इतकी वर्षं देवासमोर बोलताय, मॅजिस्ट्रेटसमोर जीभ टाळ्याला चिकटते का?" जरा जास्तच बोलले. तो उठून गेला.

तारखेला मी टेबल बंद ठेवून आत जाऊन मागच्या बाकावर बसले. गंगा वहिनी बाजूला, पदर तोंडाला लावून. मॅजिस्ट्रेट बाई तरुण होत्या, पण फाइल वाचून आलेल्या. गुन्ह्याचा तपशील वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"कबूल हाय. पण दारू प्यालो नाय."

"मग ते कबूल करणं होत नाही. अर्धं कबूल चालत नाही. यंत्रात दारू आली, रक्तात दारू आली. काय घेतलं होतं?"

"राखणदाराचं तीर्थ."

कोर्टात हशा पिकला. बाईंनी हातानेच गप्प केलं. कडेला दादू गावकर उभा होता. तो मुद्दाम आला होता ऐकायला. काशीभाऊ त्याच्याकडे बघत नव्हता. त्याची मान खाली, आणि हात कठड्यावर असे घट्ट की शिरा दिसत होत्या. वहिनीने माझा हात धरला. मला वाटलं, आता हा नाकबूल म्हणणार, आणि मी मनात म्हटलं, म्हण बाबा, तुझा मान तरी वाचेल.

मग तो मान वर करून बोलला. तोच आवाज, गाऱ्हाण्याचा.

"सायब, देवाला दिलं तवा ता तीर्थ होतं. मी घेतलं तवाही तीर्थ होतं. मी गाडीची चावी फिरवली तवा तेची दारू झाली. देवाने नाय केली, मी केली. गुन्हा माजा हाय. कबूल हाय."

कोणी हसलं नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा उचललं. कोणी सांगितलं म्हणून कबूल करताय का, शिक्षा होईल हे माहीत आहे का, हे रीतीप्रमाणे विचारलं. तो प्रत्येकाला "व्हय" म्हणत गेला. शिक्षा झाली ती अशी : दंड, सहा महिने गाडी चालवायला बंदी, आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. शेवटी बाई म्हणाल्या, "पुन्हा माझ्यासमोर याल तर मी तीर्थ ऐकून घेणार नाही."

कोर्ट उठेपर्यंतची कैद म्हणजे कोर्टाचं दिवसाचं काम संपेपर्यंत तिथंच बसून राहायचं. काशीभाऊला हे नीट कळलं नव्हतं. दुपारी बाई जेवायला उठल्या तसा हा पण उठला. "उठलं ना कोर्ट?" शिपाई म्हणाला, "ते जेवायला उठलंय, बसा खाली." चारला बाई पाच मिनिटं आत गेल्या, हा पुन्हा उभा. शिपाई म्हणाला, "काका, तुम्ही माझी नोकरी घालवाल." इतका वेळ रडणारी वहिनी त्या बाकावर पहिल्यांदा हसली. मलाही हसू आवरेना. संध्याकाळी कोर्ट खरंच उठलं, तेव्हा शिपायाला सांगावं लागलं की आता जा.

मान गेला. दादूने दुसऱ्याच दिवशी गावकी बोलावली. काशीभाऊ नेमकं काय बोलला ते त्याने सांगितलंच नाही. "दारू हा शब्द तोंडातून आला की नाही?" एवढंच विचारलं. आला होता. मग त्या दसऱ्याला आणि शिमग्यालाही गाऱ्हाणं दादूने घातलं. काशीभाऊ मागच्या रांगेत उभा राहून "व्हय म्हाराजा" म्हणायचा. त्याच आवाजात म्हणायचा, हे मला जास्त लागायचं. मी दादूशी बोलणं टाकलं. मोहल्ल्यातल्या बाईच्या न बोलण्याने त्याचं काय अडणार, पण टाकलं.

ते सहा महिने मात्र मजेत गेले, खोटं नाही. गाडी चालवायला भावकीतला सागर ठेवला. लायसनवाला, पंचवीस वर्षांचा, सरळ पोरगा. आणि काशीभाऊ त्याच्या बाजूला. वळण आलं की याचा पाय रिकाम्या जागेत ब्रेक दाबायचा. "हॉर्न दे. बारीक दे, म्हातारी हाय ती. आता मोठा दे." एक दिवस सागरने गाडी थांबवून हात जोडले. "काका, तुमची शिक्षा सहा महिने हाय, माजी का जन्मठेप?" तेव्हापासून काशीभाऊ मागे माझ्या बाजूला बसायला लागला. मग त्याला गप्पा सुचायच्या. कोणाच्या बागेत मोहोर कसा, मशीद बंदरचा शेठ कसा होता, हौसाच्या पोरीचं बारावीचं काय झालं. हौसाकडे तो कोर्टाच्या निकालानंतर दर आठवड्याला जाऊन यायचा. पहिल्यांदा तिने शिव्या दिल्या, दुसऱ्यांदा चहा. शेवटी शेवटी तर "मेला आला का ग्वाड बोलायला" म्हणत तीच वाट बघायची.

पण गंगा वहिनी मला एकदा हळूच म्हणाली, "गोठ्यात गाऱ्हाणं घालतात हो. म्हशीसमोर. मला वाटतं मी झोपेत ऐकलं, तर नाय, सकाळी उठून रोज घालतात. विसरू नये म्हणून." त्या दिवशी मी टाइप करताना चार चुका केल्या.

माघात लायसन परत मिळालं. तो पुन्हा गाडीवर बसला, सागर सुटला एकदाचा. आणि वैशाख आला.

राखणीच्या दिवशी मी गाडीला हात लावणार नाय, असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. सागरने नेली. मी त्या दिवशीही दुपारची निघाले. शिवेजवळ आलो तर ऐनाखाली सगळे जमलेले. रस्त्याच्या कडेला मोटारसायकलींची रांग, मोजल्या मी, अकरा. मी सागरला म्हटलं, थांब. तो थांबला. बायकांनी राखणीला जायचं नसतं, आणि माझा तर काही संबंधच नाही, पण रस्ता सरकारी आहे. मी खाली उतरून उभी राहिले. ऐकू सगळं येत होतं.

दादूने गाऱ्हाणं घातलं. बरं घातलं, थोडं घाईत. कोंबडा झाला. बाटलीतलं थोडं दगडावर ओतलं. दादूने ओठाला बोट लावलं आणि द्रोण पुढे केला. कोणी हात पुढे करेना. पहिला म्हणाला, मी गाडी घेऊन आलोय. दुसरा म्हणाला, मी पण. तिसऱ्याने नुसतं हेल्मेट दाखवलं. काशीरामाचं काय झालं ते सगळ्या गावाने पाहिलेलं. सहा महिने लायसन, कोर्टाचा बाक, दुसऱ्यांदा दोन वर्षं. आणि करवंदांची टोपली तर आता आयाबाया पोरांना सांगतात. गुरवसुद्धा त्या वर्षी स्कूटरवर आला होता. तो म्हणाला, "दादा, माझी पण गाडी हाय."

दादू द्रोण हातात धरून उभा. तीर्थ ओतायचं नाही. गावात न्यायचं नाही. संपवल्याशिवाय उठायचं नाही. ऊन रणरणतंय.

गुरवानेच विचारलं, "चालत कोण आलाय?"

मागून काशीभाऊ म्हणाला, "मी."

एकटाच. वाडीपासून शिवेपर्यंत साडेतीन किलोमीटर, उन्हातून आलेला. त्याला कोणी तीर्थ देईल असं त्याच्या मनातही नव्हतं. बाप चालत जायचा म्हणून हा चालत आला होता. सगळे वळून त्याच्याकडे बघायला लागले. पण तो पुढे येईना. पहिला द्रोण गाऱ्हाणं घालणाऱ्याचा, आणि गाऱ्हाणं त्याचं नव्हतं.

दादूला ते कळलं. म्हाताऱ्याने द्रोण खाली ठेवला. मग म्हणाला, "काशीराम, ये पुढं. गाऱ्हाणं तूच घाल."

"एकदा घातलं ना तुमी."

"मी घातलं ता मलाच पटलं नाय. कोर्टात तू काय बोललास ता मी सगळं ऐकलं होतं. गावाला अर्धंच सांगितलं. देवाने नाय केली, मी केली, असं बोललास तू. ता मी लपवलं. चुकलं माझं. तुझा मान तुझा घे."

काशीभाऊ पुढे आला. दगडाला हात लावला, आणि सुरू झाला. आवाज पार हायवेच्या पलीकडे गेला असेल. गाईगुरं, पेरणी, मुंबईची माणसं, कुवेतची माणसं, शिवेत ज्याची चूल पेटते तो प्रत्येक. मग तो थांबला, आणि चार पिढ्यांत कोणी घातलं नव्हतं ते मागणं त्याने घातलं.

"आणि म्हाराजा, पुढच्या वर्षापासून बाटली धाकटी आणू. तुझी सेवा कमी झाली असं मनात आणू नको. तुझा प्रसाद घेऊन जो गाडीवर बसेल, तेची गाडी तू उंबऱ्यातच बंद पाड. ऐकत नसेल तर चाकातला वारा काढ, पण तेला रस्त्यावर जाऊ देऊ नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा ऐन हलला असेल. दादूने पहिला द्रोण त्याच्या हातात दिला.

मी रस्त्यावर उभी होते, पर्स छातीशी धरून, डोळे वाहत होते. सागर गाडीतून म्हणाला, भाभी, उशीर होतोय तुमाला. होऊ दे मेला. माझ्याही तोंडातून मोठ्याने निघालं, "व्हय म्हाराजा."